गाडीवरची जागा

सणसरच्या क्लॅरिनेटवाल्या तात्यांमुळं मी बँडात राहिलो. हे आधीच लिहून ठेवतो. नाहीतर पुढचं लिहिताना घाबरून मी भलतंच काहीतरी लिहीन.

नववीत शाळा सोडली. किनवटहून इतक्या लांब बारामतीला दुधाच्या प्लँटवर कामाला लागलो आणि काटेवाडीतल्या बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवू लागलो. बेंजो, ढोल, ताशा, तात्यांचं क्लॅरिनेट आणि मी. वरातीत गाणं थांबलं की नाचणारे पांगतात, म्हणून आम्ही एका गाण्यातून दुसऱ्यात शिरायचो. चाल बदलायची, लय बदलायची, थांबायचं नाही.

इंदापूरच्या एका गिटारवाल्यानं हे ऐकलं. म्हणाला, "तुमी रॉकच वाजवताय की, फक्त तुमाला कुणी सांगितलं न्हाय." बेंजो वाजवणारे आबा पार्टीचे मालक. ते खूश झाले. गिटार आली, एकेक गाणं वीस मिनिटांचं झालं. मग गिटारवाल्यानं सात मात्रांचा ठेका काढला.

"आठवी मात्रा कुठं सांडली रं?" तात्यांनी विचारलं. "नवरदेवाच्या दोस्तांनी पाय कुठं टाकायचा?"

पुढं ताशाच्या जागी ड्रमसेट आला. ताशेवालाच तो शिकला. आमच्या पिकअपवर सहा जण दाटीवाटीनं मावायचे. ड्रमसेटनं ताशेवाल्यासकट दोघांची जागा घेतली. म्हणजे एकानं उतरायचं. आबा माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांच्या वाद्यांच्या खोलीतच राहायचो. बँड सुटला असता तर खोलीही सुटली असती, आणि घरी जाऊन करायचं काय, मला माहीत नव्हतं.

"आबा," तात्या म्हणाले, "ह्याच्या पेटीचं बटण दाबलं की माजा आवाज निघतो. माज्या नळीतनं ह्याचा निघतो का? मग कोण उतरणार, सांगाय पायजे व्हय?"

"तात्या, पंचवीस वर्सं वाजवताय तुमी."

"मग दम लागंल का न्हाय?"

त्यांनी क्लॅरिनेटचे तुकडे सुटे केले, फडक्यात गुंडाळले. मी कीबोर्डचा प्लग घट्ट बसलाय का, ते तीनदा बघितलं.

पुढच्या वरातीत तात्या गाडीपुढं चालत होते, बांबूनं रस्त्यावरच्या वायरी उचलत. "ए किनवट, वाक!" एवढंच ओरडले. त्यांची चाल आली तसं मी बटण दाबलं. क्लॅरिनेट वाजलं. त्यांनी मागं बघितलं नाही. आम्ही सातात होतो, त्यांचे पाय आठात पडत होते.

त्या सीझननंतर ते सणसरला गेले, ते पुन्हा आले नाहीत. ढोलवालाही गेला. सातावर नाचता येत नाही, म्हणून लग्नाची बोलावणी बंद झाली. आता आम्ही चौघं कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवतो. स्टेजवर जागाच जागा असते.

ते बटण मी त्या वरातीनंतर दाबलेलं नाही. तात्यांची चाल यायची तिथं हात वर धरून थांबतो. गिटारवाला विचारतो, "हितं काय भरायचं?" मी म्हणतो, राहू दे. ऐकणाऱ्यांना ती आमची स्टाइल वाटते.

तात्या, एक दिवस मी सणसरला येऊन तुम्हाला घेऊन जाणार आहे. नुसतं खुर्चीवर बसवायला नाही, क्लॅरिनेटसकट. मी हात धरून थांबतो तेवढ्या जागेत तुम्ही वाजवा, आम्ही चौघंही तुमच्यासाठी आठ मोजू.