नाव इथे, चेहरा तिथे

चूक माझी होती आणि ती मी ऑफिसातल्या काकांवर ढकलली. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर त्यांच्याबद्दल मला धड बोलता येणार नाही.

कुठेही बूट काढले की ते दोन्ही बुटांच्या नाड्या एकत्र बांधून ठेवायचे. जेवताना डब्याचं झाकण डब्याखाली. चष्म्याला दोरी. तारनाक्याच्या आमच्या छोट्या ऑफिसातली पोरं हसायची. ते म्हणायचे, "हसा मियाँ, हसा. पण जोडी फोडू नका." तुमच्याही ऑफिसात असा कुणीतरी असेल. काका मूळचे नांदेडचे, राहायला गौलीगुड्यात. डेटाबेस त्यांच्याकडे आणि त्यांच्यावर मी.

एका वृद्धाश्रमाचं सॉफ्टवेअर आम्ही करत होतो. प्रत्येकाचं नाव, खोली, औषधं, फोटो. फोटो त्यांनीच काढले. "आजी, हसा की जरा. आधार कार्ड नाही हे!"

"फोटो डेटाबेसमध्येच ठेवू, साहेब," ते म्हणाले. "नावाजवळ चेहरा. बॅकअपमधून दोन्ही परत येतात."

"डेटाबेस जड होईल, काका. फोटो फोल्डरमध्ये, डेटाबेसमध्ये फक्त फाइलचा पत्ता."

"हौ. मग फोल्डरचाही बॅकअप लावा. सर्व्हरचा पासवर्ड तुमच्याकडे आहे."

"लावतो," मी म्हणालो. माझी पद्धत चुकीची नव्हती. पुष्कळ लोक तसंच करतात. मी फक्त बॅकअप लावला नाही. आज लावू, उद्या लावू, करता करता राहून गेलं.

मग सर्व्हरची डिस्क गेली. डेटाबेस बॅकअपमधून परत आला. नावं आली, खोल्या आल्या, रक्तदाबाच्या गोळ्यासुद्धा आल्या. चेहऱ्यांच्या जागी राखाडी चौकोन.

आम्ही आश्रमात ते निस्तरत बसलो होतो, तेव्हा एक बाई आल्या. त्यांची आई तिथेच वारली होती. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. "आई हसतेय असा तेवढा एकच आहे हो."

"फोटो गेले, ताई. बॅकअपचं काम यांच्याकडे असतं," मी काकांकडे बोट करून म्हणालो.

बाई त्यांच्याकडे वळल्या. "तुम्हाला आई नव्हती का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माफ करा, ताई," एवढंच म्हणाले. मग दारात बसून बराच वेळ नाड्यांची गाठ सोडत राहिले.

पुढे कित्येक रविवार ते कॅमेरा घेऊन आश्रमात गेले. जे हयात होते त्यांचे फोटो पुन्हा काढले. मी एकदाही सोबत गेलो नाही. दमलोय, असं स्वतःला सांगायचो. मला मात्र ते पूर्वीसारखंच 'साहेब' म्हणत राहिले. त्याचंच ओझं व्हायचं.

आता ते निवृत्त होऊन नांदेडला गेलेत. जेवताना झाकण मीच डब्याखाली ठेवतो. पोरं आता मला हसतात.

गेल्या महिन्यात त्या बाईंच्या घरी गेलो. भिंतीवर आधार कार्डावरून मोठा करून घेतलेला फोटो होता. आजी हसत नव्हत्या. मी नांदेडला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि मोबाइल टेबलावर ठेवला. "बोला साहेब," ते म्हणाले.

"ताई, तुमच्या आईंचा फोटो माझ्यामुळे गेला. यांनी मला आधीच बजावलं होतं. त्या दिवशी यांनी मागितली ती माफी माझी होती. मला माफ करा. काका, तुम्हीही."