डास आधी कुणाला चावतो

भवानीनगरच्या अलीकडं कॅनॉलच्या कडेला आमची वस्ती. ऊस वाढला, चराई गेली, आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन मेंढरं ठेवून सगळा कळप विकला. मग ते ऊसतोडीला जायचे. पावसाळा सरला की मात्र हिवताप त्यांना धरायचाच. हुडहुडी भरली की आई घरातली सगळी घोंगडी त्यांच्यावर टाकायची. आबा पडले की मजुरी बंद, आणि रात्री नुसती भाकरी-चटणी.

मी बारामतीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होतो. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला मी हिवतापच घेतला. त्यावरची लस तेव्हा बाजारात नव्हती, चाचण्या चालल्याचं आणि त्यात गुण अर्धवटच येत असल्याचं वाचलं होतं. ती आली तर ताप किती पसरेल, याचं गणित मी मांडलं.

प्रकल्प तपासणाऱ्या सरांनी ते पाहिलं. "वस्तीतल्या सगळ्यांना लस टोचूनही तुझा ताप हटत नाही? मग लस काढायची कशाला? चूक शोध. असा प्रकल्प मी पुढं पाठवणार नाही."

म्हणजे वर्ष वाया. आणि घरून दुसरं वर्ष मिळणार नव्हतं.

रविवारी घरी गेलो. आबा नुकतेच तापातून उठले होते. तरी संध्याकाळी त्यांनी घोंगडं उचललं आणि अंगणात मेंढरांशेजारी टाकलं. कळप गेला तरी मेंढरांजवळ झोपायची सवय काही गेली नव्हती.

"आवं, घरात झोपा की," आई म्हणाली.

"आगं, डास आधी मेंढराकडं जातो. तितं पोट भरलं तर मला कशाला चावंल?"

"व्हय! त्याला तरी काय कळतंय, मेंढरू कुठलं आन् तुमी कुठलं? वास तर एकच हाय!"

आबाही हसले. मीही हसलो, आणि मधेच थांबलो. माझ्या गणितातला प्रत्येक डास फक्त माणसाला चावत होता. मेंढपाळाच्या घरातला मी, आणि माझ्या कागदावरच्या वस्तीत एकही जनावर नव्हतं!

घरातल्या थट्टेला पुरावा म्हणता येत नाही. म्हणून कॉलेजच्या ग्रंथालयात शोधलं. आपल्याकडं हिवताप पसरवणारा डास बहुतेक वेळा जनावरांनाच चावतो, असं तिथं सापडलं. शिवाय ताप उचलायला एकदा आणि दुसऱ्याला द्यायला एकदा, असं त्याला दोनदा माणूसच गाठावा लागतो. मधे जनावरं आली की पसरण्याचा वेग पार खाली येतो.

गणित पुन्हा केलं. आता अर्धवट गुण देणारी लसही, वस्तीतल्या बहुतेकांना टोचली तर, ताप हळूहळू संपवत होती.

"जनावरांचं कुठून सुचलं?" सरांनी विचारलं.

"घरातनं, सर."

लस काही आमच्या वस्तीवर आली नाही. आबांना पुढच्या वर्षीही ताप आला. पण प्रकल्प मंजूर झाला, मी पास झालो, आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो.