सकाळच्या गोळीआधी

फिट येऊ नये म्हणून दिलेल्या औषधाची रक्तातली पातळी मोजायची, तर नमुना सकाळच्या गोळीआधी घ्यावा लागतो. औषध सर्वांत कमी असते तेव्हाच ते पुरेसे आहे का, हे कळते. आज आमच्या प्रयोगशाळेत एक आई मुलीला घेऊन आली आणि अभिमानाने म्हणाली, "गोळी आज मुद्दाम लवकर दिली, मॅडम. रिपोर्ट चांगला यायला हवा."

"आई, परीक्षा आहे का ही?" मुलगी हसली.

"गप गं. परवा शाळेत फिट येऊन पडलीस, ते विसरलीस?"

मी सुई बाजूला ठेवली. "उद्या गोळी न देता या. रक्त घेतले की लगेच इथेच द्या."

आईचा चेहरा उतरला. "आणि एसटीतच झटका आला तर?"

गोळीला तासाभराचा उशीर चालतो, हे मी समजावले. ते खरेच होते; पण हे त्यांना आधी कुणीच सांगितले नव्हते, याची माझी खंत त्या शास्त्रशुद्ध उत्तराने मिटेना. मोजणाऱ्यापुढे माणसे आपले भरलेपण घेऊन येतात आणि आम्ही त्यांच्याकडे नेमकी उणीव मागतो.

निघताना आईने मुलीचे मनगट घट्ट धरले. आईच्या मनात उद्याचा एसटीचा प्रवास आताच सुरू झाला होता.