पोंभुर्ण्याचा बर्जिल्लय

आमच्या शेजारच्या मास्तरांइतका नाजूक लोखंडी माणूस अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात दुसरा नसेल. त्यांचं नाव बर्जिल्लय. वडील प्रवचनं करत पोंभुर्ण्यात आलेले, त्यांनी बायबलातलं हे नाव ठेवलं. पहिल्या भेटीतच मास्तर त्याचा अर्थ सांगत, "हिब्रू नाव हाये भाऊ. म्हणजे लोखंडाचा." आणि सांगताना शिंकत. भर मे महिन्यातही त्यांच्या गळ्यात मफलर असे.

मूळचा बर्जिल्लय बायबलात दोन-तीन ठिकाणीच येतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. पोटच्या मुलाने बंड केल्यामुळे दावीद राजा रानोमाळ पळत होता, तेव्हा या म्हाताऱ्याने त्याला अंथरुणं, मातीची भांडी, मसूर, मध असं पोहोचवलं. मास्तरांनी आयुष्यभर तेच केलं. गावात कोणी बदलून आलं, की गादी, मडकं, मसूर आणि जंगलातला मध घेऊन हे दारात हजर. मी बदलून आलो तेव्हा ट्रकभर सामान उतरत होतं. ते पाहून म्हणाले, "असू द्या सामान. पहिल्या रात्री पाहुण्यानं आपली गादी उलगडू नाई." एका साहेबांना वाटलं, हे गादी विकायला आलेत. त्यांनी भाव विचारला. मास्तर खुशीत घरी आले. "भाव विचारला, म्हणजे पसंत पडली न."

वय विचारलं तर ऐंशी सांगत. जन्मसालावरून एकाहत्तर होतं, ते मी त्यांना वजाबाकी करून दाखवलं. म्हणाले, "बर्जिल्लय ऐंशीचा होता. मंग मी मागं काऊन राहू?"

मास्तरीणबाई गेल्या आणि ही गंमत संपली. मास्तरांची नजर गेली, गॅस चालूच राहू लागला. मुलगा पुण्याला न्यायला आला तेव्हा मी तिथेच होतो. मास्तरांचं उत्तर तयार होतं. राज्य परत मिळाल्यावर दावीदाने बर्जिल्लयालाही राजधानीत बोलावलं होतं. तो म्हणाला, मला आता अन्नाची चव कळत नाही, गाणं ऐकू येत नाही, मला आईबापांच्या थडग्यापाशी मरू द्या. हे सगळं मुलाला ऐकवून मास्तर म्हणाले, "तुही माय इथीच हाये."

मुलगा खाली बसून त्यांच्या चपलेचा पट्टा लावत होता. मान वर न करता म्हणाला, "बाबा, तो राजा होता, मी नाई. मले बाप एकच हाये."

मास्तर उठून गाडीकडे निघाले. गाडीत बसताना माझा हात धरून एवढंच म्हणाले, "बाईच्या बाजूची जागा राखून ठेवायले सांगजा, भाऊ."

पुणं इथून आठशे किलोमीटरच्या आसपास. तेवढ्या लांबून माणसाला शेवटचं परत आणतील का, हे मुलाला विचारायचं माझ्याने झालं नाही. मास्तरांनीही विचारलं नसावं.

दफनभूमीत मी अधूनमधून जातो. तिथे काय म्हणायचं असतं ते मला येत नाही. बाईंवरचं गवत उपटतो, आणि शेजारची मोकळी जागाही साफ करून येतो.