वहिनीच्या भिंतीवरचा खेळाडू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पोलादपूरला वहिनीच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेला फुटबॉलपटू तिचा मुलगा नाही.

पुतण्या मुंबईत एका व्यावसायिक संघात राखीव खेळाडू होता. मी महाडहून सामना बघायला निघालो तेव्हा वहिनी म्हणाली, "भावजी, त्याचा धावतानाचा एक फोटो आणा. लग्नातले ढीगभर हायत."

तिकीट काढून आत जायचं आणि खेळाकडे पाठ करून स्वतःचं थोबाड टिपायचं, अशी माणसं तिथे रांगेने उभी होती. पुढच्या गृहस्थाने तर वडापावचाही फोटो काढला. मी त्यांच्यातलाच. गळ्यात संघाचा मफलर घालून मित्रांच्या ग्रुपसाठी दात काढत राहिलो. पुतण्याला शेवटची दहा मिनिटं उतरवलं, हे मला शेजारी बसलेल्या माणसाने सांगितलं तोवर सामना संपल्याची शिट्टी वाजली होती.

मग फोनमध्ये शोधलं. त्याच जर्सीतला कुणीतरी पाठमोरा धावत होता, नंबरही नीट दिसत नव्हता. तोच वहिनीला दिला.

शिमग्यात पालखी घरी आली तेव्हा तिने तो सगळ्यांना दाखवला. एक जाणता म्हातारा म्हणाला, "चाल बापाचीच हाय गो." आमच्याकडे परक्याच्या पाठीतही घराणं दिसतं.

पुतण्या तिथेच होता. त्याने आधी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरा टिपलात, काका," एवढंच म्हणाला.

त्याला पुन्हा कधी मैदानात उतरवलं नाही. वहिनीला खरं सांगणं आणि त्याची माफी मागणं, दोन्ही गोष्टी माझ्याकडून अजून बाकी आहेत.