कुलपांवरचा फोटो

हिंगोलीत नेट कॅफे नवे होते, तेव्हा तिथं एक म्हातारा रोज दिसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. तो कॅफेतल्या पोराकडून परदेशातल्या ग्रंथालयांचे फोटो लावून घ्यायचा आणि पाहायचा, तेही हात पाठीमागे बांधून, उभ्यानं. ही सवय आमच्या वाचनालयानं लावलेली. तिथं पुस्तकं काचेच्या कपाटांत कुलूपबंद, ‘हात लावू नये’ अशी पाटी, आणि किल्ल्या अध्यक्षांकडे. अध्यक्ष बहुधा मुंबईत.

एकदा मला म्हणाला, “बघा साहेब, लोकं शिडीवर चढून स्वतः पुस्तक काढून राहिलेत. कुलूप एकबी न्हाई. मग आपल्याकडंच काहून?”

तोच फोटो छापून घेऊन त्यानं वाचनालयाच्या वर्धापनदिनी अध्यक्षांना दिला. “असं करा साहेब. मरायच्या आधी चार पुस्तकं वाचू द्या.”

अध्यक्ष गहिवरले. भाषणात त्यांनी ज्ञानाची दारं उघडली. आठवड्याभरात फोटोला चौकट करून तो बंद कपाटांच्या वर टांगला आणि त्याला चंदनाचा हार घातला.

म्हाताऱ्यानं हात पाठीमागे बांधून वर पाहिलं.

“हार बराबर घातला,” तो मला म्हणाला, “फोटो तेवढा जित्याचा लावला. मयत तर खाली कुलपात हाय.”