छकुलीच्या गोळ्या कस्टमला अडकल्या

मागच्या शुक्रवारी दुपारी सौदीत दम्मामला उतरलो. सुट्टी संपवून परत येताना माणूस ताजातवाना असतो म्हणतात... मला तसं कधी जमलं नाही. गुडघे आखडलेले, आणि बॅगेत निम्मं सामान दुसऱ्यांचं.

इतकी वर्षं इथे एका कंपनीच्या गोडाऊनला स्टोअरकीपर आहे. मी गावी निघालो की बिल्डिंगमधली सगळी मराठी घरं औषधांची नावं पाठवतात. इकडे जे घेताना घाम फुटतो ते आमच्या चिपळूणच्या मेडिकलमध्ये हसत हसत परवडतं. कुणाची थायरॉईडची, कुणाची शुगरची... आणतो बापडा.

या वेळी खालच्या मजल्यावरच्या सांगलीकरनं सांगितलं होतं. त्याच्या छकुलीला फिट येतात, चार वर्षांची पोर. कंपनीच्या इन्शुरन्सनं त्या गोळ्यांवर हात वर केले, आणि घरातल्या गोळ्या संपत आलेल्या. म्हणाला, "काका, एवढ्या वेळी आणा, पुढचं मी बघतो." त्यानं डॉक्टरांच्या कागदाचा फोटो पाठवला, तो मी मेडिकलवाल्याला दाखवला, गोळ्या घेतल्या. साधा हिशोब.

बायकोनं बॅग भरताना गोळ्यांचे खोके काढून टाकले. नुसत्या स्ट्रिपा रबरबँड लावून भाजणीच्या पिशवीशेजारी ठेवल्या, जागा वाचली म्हणून. मीही म्हटलं, बरं झालं.

कस्टमच्या मशिनीत बॅग गेली आणि तिथल्या पोरगेल्या ऑफिसरनं मला बाजूला घेतलं. नेमक्या त्याच स्ट्रिपा उचलल्या. "हक मीन?" म्हणाला. म्हणजे, कोणाचं आहे हे.

"नातीचं," मी म्हटलं. यात माझ्या मते खोटं काही नव्हतं... ती मला आजोबाच म्हणते.

नाव विचारलं. छकुली, म्हटलं. त्यानं माझ्या मोबाइलवरचा कागद वाचला आणि मान हलवली, तिथे भलतंच लांबलचक नाव. बापाचं नाव? सांगलीकर. तेही जुळेना. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की ज्याच्या घरी दर शुक्रवारी जेवतो त्याचं खरं आडनाव मला माहीतच नाही. तो सांगलीचा म्हणून सगळे सांगलीकर म्हणतात, आणि मी कधी विचारलंच नाही.

वर हे औषध कंट्रोलमधलं निघालं. आणायच्या आधी परवानगी काढावी लागते म्हणे. मला ठाऊक नव्हतं, सांगलीकरलाही नव्हतं.

"बापाला फोन लाव," ऑफिसर म्हणाला. सांगलीकर मला न्यायला बाहेरच उभा होता. पण मनात आलं, याला यात ओढला तर त्याची नोकरी, इकामा म्हणजे इथला राहायचा परवाना, बायको, पोर... मी म्हातारा, माझं काय राहिलंय. म्हटलं, नंबर नाही.

आणि नेमका त्याचाच फोन आला, स्क्रीनवर 'सांगलीकर'. ऑफिसरनं नुसती भुवई उडवली. मी उचलून एका दमात म्हटलं, "तू घरी जा. माझं मी बघतो."

"काका, काय झालं? कोण आहे शेजारी? द्या त्याला फोन."

मी द्यायच्या आत ऑफिसरनंच घेतला. सांगलीकर अरबी बरं बोलतो. मला तुटक कळत होतं... माझी मुलगी, माझं औषध, या माणसाला काही माहीत नाही. मग तो आकडे सांगायला लागला. कुणी विचारलं नसताना त्यानं स्वतःचा इकामा नंबर दिला होता.

मी तिथल्या बाकड्यावर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं एक वयस्क ऑफिसर आला, कागद वाचला, फोनवर सांगलीकरशी बोलला. मग मला हिंदीत म्हणाला, "बाबा, दवा इधर रहेगा. तुम जाओ. दुबारा नहीं. खलास."

बाहेर आल्यावर सांगलीकरनं माझी बॅग घेतली. गाडी सुरू केली आणि म्हणाला,

"नंबर नाही म्हणालात?"

"अरे, तुझी नोकरी..."

"आणि तुम्हाला आत ठेवलं असतं तर काकूंना मी काय तोंड दाखवणार होतो?"

त्यानं गाडी घराकडे न नेता हॉस्पिटलला नेली. तिथल्या ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी जुने रिपोर्ट बघून गोळ्या लिहून दिल्या. पैसे भरताना त्यानं बिलाकडे बघितलंसुद्धा नाही... किंवा मला दिसू नये म्हणून बघितलं नसेल.

घरी आलो तर त्याची बायको दारातच उभी. गोळ्या हातात घेतल्या आणि म्हणाली, "काका, चेहरा किती उतरलाय तुमचा. आधी बसा." छकुलीनं मधातून गोळी घेतली, तोंड वाकडं केलं आणि फणसपोळी मागितली. ती तेवढी शाबूत आली होती.

मी टेकलो तो कधी डोळा लागला कळलंच नाही. उठलो तेव्हा पायातले बूट कुणीतरी काढून ठेवले होते, अंगावर चादर होती.

आता औषधं आणायच्या बाबतीत कानाला खडा. आधी परवानगी, खोक्यासकट, आणि ज्याची त्यानं आणावी... कुणाला राग आला तर येवो. छकुलीच्या गोळ्यांचं काय करायचं, इथला कुठला डॉक्टर काही स्वस्तातलं सुचवतो का, ते आम्ही दोघं मिळून शोधतोय. कुणाला माहिती असेल तर सांगा.

बाकी, थकवा अजून उतरलेला नाही. पण त्या घरानं त्या दिवशी मला जसं सांभाळून घेतलं, त्याचे उपकार फेडायला हे उरलेले दिवस पुरायचे नाहीत.